उघड्या जाळावरचं आधण
तीन दगडांच्या मधे जाळ आणि वर ॲल्युमिनियमचं पातळ पातेलं. ज्वाळा सहज 800 अंश सेल्सियसपर्यंत जातात, ॲल्युमिनियम मात्र 660 अंशांनाच वितळतं. तरी पातेलं शाबूत राहतं, कारण आत पाणी असतं. तळाला लागलेली उष्णता पाणी लगेच ओढून घेतं, आणि उघड्या भांड्यात ते स्वतः 100 अंशांपुढे जात नाही. पाणी आटलं की हा आधार संपतो. रिकामं पातेलं जाळावर विसरू नये ते यासाठीच.

भांडं तांब्याचं हवं की स्टीलचं? तांबं स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसेक पट उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण नुसतं पाणी उकळताना त्याचा फायदा जेमतेम. मिलिमीटरभर पत्र्यातून उष्णता झटकन पार होते. ती अडते त्याआधी, गरम वायूतून धातूत शिरताना. म्हणून मी धातूपेक्षा तळाची रुंदी पाहतो. बाहेरची पातळ काजळीही घासत बसत नाही, कारण काळा पृष्ठभाग निखाऱ्यांची धग चांगली शोषतो.

एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला साधारण 335 किलोज्यूल लागतात. कोरड्या लाकडाच्या किलोभरात 15,000 किलोज्यूलहून अधिक ऊर्जा असते. म्हणजे हिशोबाने वीस-बावीस ग्रॅम काटक्या पुरे! प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जळतात, कारण बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते. वाऱ्याच्या बाजूने आडोसा करा आणि झाकण ठेवा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, तेवढ्यात जवळजवळ सात ग्रॅम पाणी उकळीला आलं असतं. झाकण सैलच हवं. वाफ कोंडली तर भांडं फुटू शकतं.

आधण येण्याआधी पातेलं गुणगुणू लागतं, तो आवाज मला फार आवडतो. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरताच मिटतात, त्याचा तो नाद. खरी उकळी फुटली की आवाज बदलतो.

पिण्यासाठी गढूळ पाणी आधी गाळून घ्या, मग एक मिनिट खळखळ उकळू द्या. समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू मरतात, पण विरघळलेली रसायनं तशीच राहतात. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून निवू द्या. दुसऱ्या न धुतलेल्या भांड्यात ओतलं तर जंतू पुन्हा शिरतात.