खडीसाखरेचा दोरा आणि काचेतलं बीज

दादरच्या दवाखान्यात माझ्या दाढेची कॅप व्हायची होती. डॉक्टरांनी दाखवलेला ठोकळा चक्क निळा-जांभळा! "आधी कोरायचा, मग भाजायचा," ते म्हणाले. साधारण 850 अंशांच्या भट्टीत त्यातल्या लिथियम मेटासिलिकेटचे स्फटिक लिथियम डायसिलिकेटचे होतात, रंग दाताचा येतो आणि ताकद दुपटीहून जास्त वाढते. मुळात ही काचच. फक्त तिच्यात स्फटिक मुद्दाम वाढवलेले.

मुद्दाम, हे महत्त्वाचं. काच म्हणजे स्फटिक व्हायचं राहून गेलेला द्रव. काचेत खडे धरले की माल वाया गेला, हीच कारागिरांची शिकवण. फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने 1739मध्ये उलटा डाव टाकला. बाटल्या वाळू आणि जिप्समात पुरून त्याने दीर्घकाळ तापवल्या. त्या पोर्सिलेनसारख्या पांढऱ्या झाल्या, पण ठिसूळ आणि बेडौल निघाल्या. स्फटिक पृष्ठभागावर सुरू होऊन आत घुसत गेले होते. मधल्या भागात सुरुवात करायला काही नव्हतंच.

हे 'काही' म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात कळतं. गुलाबजामचा पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो. खडीसाखर करणारा मात्र पाकात दोरा सोडतो. नुसत्या पाकात जमलेला इवलासा कण टिकत नाही, कारण नवा पृष्ठभाग उभा करायचा खर्च त्याला पेलत नाही. ठरावीक आकारापुढे गेला तरच तो वाढतो, नाहीतर विरघळतो. दोऱ्यावर तो पृष्ठभाग आयता मिळतो. काचेतला न्यूक्लिएटिंग एजंट, म्हणजे स्फटिकाचं बीज धरायला लावणारा पदार्थ, हा असाच दोरा, पण एक नव्हे, असंख्य.

ते असंख्य दोरे अपघाताने सापडले. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीतले डोनाल्ड स्टूकी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला चांदीचे कण असलेली प्रकाशसंवेदी काच तापवत होते. भट्टी 600ऐवजी 900 अंशांवर गेली. काच वितळून थारोळं झालं असेल असं वाटत असताना पांढरी पाटी निघाली. ती हातातून सुटून जमिनीवर पडली, तरी फुटली नाही. चांदीचा प्रत्येक कण बीज झाला होता. स्टूकींनी पुढे टायटॅनियम डायऑक्साइड वापरला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. 1958पासून अमेरिकी घरांत या काच-सिरॅमिकची, म्हणजे मुद्दाम स्फटिक वाढवलेल्या काचेची, भांडी आली.

टायटॅनियमची गंमत अशी, की वितळलेल्या काचेत ते मुकाट्याने विरघळतं, पण थंड झालेली काच पुन्हा तापवली की काही नॅनोमीटरचे पुंजके होऊन वेगळं पडतं. मुख्य स्फटिक त्यांवर बसतात. म्हणून भट्टीला दोन मुक्काम: आधी कमी तापमानाला बीज धरायचं, मग जास्त तापमानाला ते वाढवायचं. बीज धरण्याचा आणि स्फटिक वाढण्याचा वेग वेगवेगळ्या तापमानांना शिखर गाठतो, हे रसायनशास्त्रज्ञ गुस्टाव टामान यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावरच मांडलं होतं. पहिला मुक्काम गाळला की मोजके, मोठे, वेडेवाकडे स्फटिक येतात. म्हणजे पुन्हा रेओम्यूरची बाटली. माझ्या मते खरी कारागिरी या संयमात आहे.

बीजाचेही नखरे असतात. लोहाच्या संगतीत टायटॅनियम काचेला पिवळट-तपकिरी झाक देतं. झिर्कोनिया (झिर्कोनियमचा ऑक्साइड) हे दुसरं बीज, पण ते सहज विरघळत नाही. म्हणून बऱ्याचदा दोघांची जोडी घालतात. दातांच्या काचेत हे काम फॉस्फरस पेंटॉक्साइड करतं.

स्फटिक 50 नॅनोमीटरचे असले, की एका घन मिलिमीटरमध्ये लाखो कोटी मावतात. प्रकाशाच्या तरंगलांबीहून इतके लहान असल्याने काच पारदर्शक राहते. लिथियम-अॅल्युमिनियम सिलिकेटचे स्फटिक तापल्यावर किंचित आकसतात, उरलेली काच फुगते, आणि बेरीज जवळजवळ शून्य होते. त्यामुळे अशा काचेच्या लालबुंद तापलेल्या विद्युत शेगडीवर गार पाणी सांडलं तरी ती तडकत नाही. आपल्याकडच्या गॅसच्या 'ग्लास टॉप' शेगडीची काच बहुधा नुसती टफन्ड असते, दुकानदार काहीही म्हणो.

हीच शून्याची बेरीज दुर्बिणीला लागते. 1968पासून जर्मनीत बनणाऱ्या झेरोडूर या काच-सिरॅमिकमध्ये साधारण 70 ते 78 टक्के भाग स्फटिकांचा असतो. नैनीतालजवळच्या देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीचा आरसा त्याचाच, आणि कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) घडलेला 'टिर्कॅम-2' हा इन्फ्रारेड कॅमेरा त्या आरशाने गोळा केलेला प्रकाश टिपतो.