आजारी नाही, निर्धास्तही नाही : आनुवंशिक कर्करोगाच्या जोखमीची पार्श्वभूमी

घराण्यात चालत आलेल्या कर्करोगाची धास्ती जनुक-चाचणीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने विकृतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना सांगितले होते, की तिच्या घरातली बहुतेक माणसे आतड्याच्या किंवा स्त्री-अवयवांच्या कर्करोगाने गेली आणि तीही तशीच जाणार. पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच तिचा मृत्यू झाला. प्राध्यापकांनी तिच्या कुटुंबाचा अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात वंशवेल आली, रोगांची नावे आली. परंतु स्वतःचे मरण इतक्या खात्रीने सांगणाऱ्या स्त्रीने मधले दिवस कसे काढले, हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेत यायला आणखी पाऊण शतक जावे लागले.

ज्यात बिघाड असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, ते बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ हे तसेच दुसरे जनुक त्यानंतरच्या वर्षी हाती लागले. चाचणी खुली करताना तज्ज्ञांसमोर नमुना होता तो हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा. त्या आजारावर उपाय नसल्यामुळे निकाल ऐकून माणूस कोलमडेल, कदाचित जिवाचे बरेवाईट करून घेईल, अशी भीती होती. म्हणून आधी समुपदेशनाच्या अनेक बैठका, विचार करायला अवधी आणि निकालाच्या दिवशी सोबतीला जवळचे माणूस, अशी पद्धत बसवली गेली होती. कर्करोगाच्या चाचणीतही प्रारंभी तीच काळजी घेण्यात आली. नंतरच्या पाहण्यांत असे दिसले, की बिघडलेले जनुक आढळलेल्या बहुतेकांची चिंता निकालानंतर वाढते आणि साधारण वर्षभरात पूर्वीच्या पातळीवर येते. त्यावरून चाचणी मानसिकदृष्ट्या सुरक्षित आहे असा निष्कर्ष रूढ झाला. तो खोटा नाही, पण मोजमाप होते निकालाच्या धक्क्याचे, आणि जोखीम ही तर वर्षानुवर्षे सोबत राहणारी गोष्ट आहे. दर तपासणीच्या आधीचा आठवडा, आईला ज्या वयात गाठ लागली त्या वयाचा वाढदिवस, कर्करोग टाळण्यासाठी अंडाशय काढल्यानंतर अचानक आलेली रजोनिवृत्ती, हे सगळे सर्वसाधारण चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत कसे उतरणार? चाचणीच्या निकालातून उद्भवणारा त्रास आणि अनिश्चितता स्वतंत्रपणे विचारणारी प्रश्नावली २००२ मध्ये आली, ती याच उणिवेतून.

मात्र सर्वांत मोठा गुंता शब्दांचा आहे. जनुकात असा घातक बदल आढळलेल्या व्यक्तीला मराठीत ‘वाहक’ म्हणतात. हा शब्द आपल्या कानावर आहे तो थॅलेसेमियाच्या संदर्भात, जिथे वाहक स्वतः निरोगी असतो आणि दोन्ही पालक वाहक असले तरच मुलाला तो गंभीर आजार होण्याचा धोका असतो. इथे अर्थ फार वेगळा आहे. इथे वाहकाच्या स्वतःच्या शरीराला धोका असतो, आणि जोडीदार कोणीही असला तरी प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार अशा स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के आहे. अंडाशयाच्या बाबतीत हेच आकडे ४४ आणि १७ आहेत. म्हणून ‘मी वाहक आहे’ हे वाक्य ऐकणारा ‘म्हणजे तुला काही नाही’ असे समजतो, आणि बोलणारीच्या मनात तेच वाक्य ‘मुलांना हे मी दिले’ असे उमटत राहते. एकाच शब्दाने धोका झाकला जातो आणि अपराधीपण उघडे पडते.

वैद्यकीय इंग्रजीतील शब्दप्रयोगही दिलासा देणारा नव्हता. ज्यांना अजून कर्करोग झालेला नाही त्यांना ‘अनअफेक्टेड कॅरिअर’, म्हणजे झळ न लागलेला वाहक, असे म्हटले जाई. आई आणि मावशी गमावलेल्या, दोन्ही स्तन काढून घेतलेल्या स्त्रीला झळ लागलेली नाही असे कागदावर लिहिणे क्रूर होते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. या अस्वस्थतेतून २००० साली अमेरिकेत जोखीमग्रस्त स्त्रियांच्या वर्तुळात ‘प्रीव्हायव्हर’ हा शब्द घडला : कर्करोग होण्याआधीच त्याच्या शक्यतेला तोंड देत जगणारी व्यक्ती. त्यावरचे आक्षेप गंभीर आहेत. केमोथेरपी सोसून वाचलेल्या काहींना ही त्यांच्या अनुभवाशी केलेली बरोबरी वाटते. इतर काहींच्या मते जो रोग कदाचित कधीच होणार नाही त्यावरून माणसाने स्वतःची ओळख ठरवू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरीही ज्यांना रुग्ण म्हणून सहानुभूती मिळत नाही आणि निरोगी म्हणून निश्चिंती मिळत नाही, त्यांना स्वतःची अवस्था सांगायला एक नाव हवे होते, ही गरज त्याने खोडली जात नाही. मराठीत तसे नाव अजून रुळलेले नाही.

२०१३ हे वर्ष या विषयाला कलाटणी देणारे ठरले. मे महिन्यात एका ख्यातनाम अभिनेत्रीने प्रतिबंधक शस्त्रक्रिया जाहीर केली आणि चाचणीची मागणी वाढली. जूनमध्ये निसर्गतः आढळणाऱ्या जनुकावर पेटंट देता येणार नाही असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अनेक प्रयोगशाळांना वाट मोकळी झाली. एकाच नमुन्यात डझनभर जनुके तपासली जाऊ लागल्यामुळे ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ हा शेरा वारंवार येऊ लागला. असे बदल पुढे बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतात. पण तोवर घरात बसलेल्या माणसाच्या हाती असतो तो होकारही नसलेला आणि नकारही नसलेला कागद.

चाचणीत बदल न आढळलेलेही यातून सुटत नाहीत. दोन बहिणींचे निकाल एकाच दिवशी आले आणि धाकटी सुटली, तर तिला आनंद दाखवण्याची चोरी होते. पुढे थोरलीच्या प्रत्येक तपासणीला ती सोबत जाते आणि स्वतःच्या सुटकेबद्दल एक शब्द बोलत नाही. मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रौढपणी उद्भवणाऱ्या अशा आजारांसाठी अल्पवयीन मुलांची चाचणी करू नये, निर्णय त्यांनी मोठेपणी स्वतः घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलीची वेणी घालणाऱ्या आईला हा प्रश्न आणखी आठ वर्षे मनात ठेवावा लागतो, आणि त्या आठ वर्षांत मुलीला किती सांगायचे, केव्हा सांगायचे, हे तिचे तिलाच ठरवावे लागते.