हरकत नव्हे, आपत्ति: इंदूरच्या मास्टर प्लानवर अर्ज देताना गाडी कुठे अडते

लोकमान्यनगरातले एक काका त्यांचा अर्ज तपासायला घेऊन आले. विषयाची ओळ होती, ‘मास्टर प्लान पर हमारी हरकत’. शिक्षण सगळं मराठीत, आणि समोर पुण्याच्या मेहुण्यांनी व्हॉट्सअॅपवर धाडलेला नमुना. महाराष्ट्रात ‘हरकती व सूचना’ मागवतात हे खरं, पण आपल्या इथल्या हिंदीत हरकत म्हणजे चाळे आणि सूचना म्हणजे नोटीस. इथे हरकतीला ‘आपत्ति’ म्हणतात आणि सूचनेला ‘सुझाव’. तेवढ्यावर बाबू गालात हसून सोडून देईल. पण काकांनी शेवटी ‘सातबारा संलग्न’ असंही लिहिलं होतं, आणि मध्यप्रदेशात सातबारा नावाचा कागदच नाही.

अशी चार-पाच प्रकरणं पाहिली की राग कुणाचा करावा कळत नाही. नोटीस अशा भाषेत निघते की वकिलालाही दोनदा वाचावी लागते, आणि ती समजेपर्यंत मुदत संपत आलेली असते. म्हणून जिथे माणसं खरोखर अडतात तेवढंच सविस्तर सांगतो.

आधी नाव. कायदा आहे ‘मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३’. यातल्या ‘निवेश’चा गुंतवणुकीशी काही संबंध नाही, इथे त्याचा अर्थ नियोजन. ‘निवेश क्षेत्र में सम्मिलित ग्राम’ असं वाचून आपल्या गावात कंपनी येणार म्हणून खूश झालेले लोक मी पाहिलेत. आपण ज्याला मास्टर प्लान म्हणतो त्याचं कागदोपत्री नाव ‘विकास योजना’. इंदूरची ‘विकास योजना २०२१’ ही १ जानेवारी २००८ पासून लागू झाली. नावातलं साल उलटलं म्हणून योजना आपोआप रद्द होत नाही, नवी मंजूर होऊन लागू होईपर्यंत जुनीच चालते. भोपाळकरांना हे वेगळं सांगायला नको, त्यांनी २००५ ची योजना किती वर्षं वापरली ते त्यांनाच विचारा.

अर्ज कोण देऊ शकतं

कुणीही. कायद्यातला शब्द ‘कोई भी व्यक्ति’ असाच आहे. जमीन नावावर हवी, इंदूरचं मतदार कार्ड हवं, यातलं काही नाही. भाडेकरू, दुकानदार, वसतिगृहातली मुलगी, सगळ्यांचा अर्ज चालतो. कलमात फीचा किंवा स्टँप पेपरवरच्या शपथपत्राचा उल्लेख नाही. नोटिशीत मागितलं नसेल तर तहसीलच्या बाहेर टेबल मांडून बसलेल्यांना त्यासाठी पैसे देऊ नका.

मात्र ‘सुझाव’ आणि ‘आपत्ति’ यांत फरक करा. सिरपूर तलावाभोवती झाडी राहू द्या, हा सुझाव, त्याला मालकीचा एकही कागद लागत नाही. माझ्या प्लॉटवरून रस्ता दाखवलाय तो हलवा, ही आपत्ति, आणि इथे तुमचा त्या जमिनीशी संबंध काय हे दाखवावं लागतं. लोक दोन्ही एकाच अर्जात कोंबतात आणि दोन्ही पातळ करून टाकतात. वेगळे अर्ज द्या.

मुदत: एक नाही, तीन-चार खिडक्या

सगळ्यात जास्त माणसं इथे पडतात. ‘प्लान आला की बघू’ म्हणून बसतात आणि पहिली संधी गेल्याचं त्यांना कळतही नाही.

पहिली खिडकी धारा १५ ची. तेव्हा योजना नसतेच, फक्त ‘वर्तमान भूमी उपयोग’ नकाशा निघतो, म्हणजे आज कुठल्या जमिनीवर काय आहे ते. त्यावर ३० दिवस. लोकांना वाटतं यात काय बघायचं, आपलं घर आपल्याला माहीत आहे. पण तुमच्या कॉलनीची बाग त्या नकाशात रिकामी जमीन म्हणून रंगवली गेली असेल आणि नकाशा तसाच कायम झाला, तर पुढे मसुद्याच्या वेळी ‘इथे बाग होती’ हे सिद्ध करण्यात तुमचाच घाम निघतो. माझ्या मते चारही टप्प्यांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा.

दुसरी धारा १८ ची, प्रत्यक्ष मसुद्याची. पुन्हा ३० दिवस. वर्तमानपत्रांत गाजते ती हीच.

तिसरी धारा १९ ची. शासन योजना जशीच्या तशी मंजूर न करता काही बदल सुचवतं, तेव्हा त्या बदलांवर ३० दिवस मिळतात. फक्त त्या बदलांवर, बाकी योजनेवर नाही. मागची राहिलेली तक्रार इथे घातली तर ती वाचलीच जात नाही, आणि त्यात कुणाची चूकही नसते.

चौथी योजना लागू झाल्यानंतरची, धारा २३-क. एखाद्या प्रकल्पासाठी शासनाला मंजूर योजनेत तेवढ्यापुरता बदल करायचा असला की दोन दैनिकांत लागोपाठ दोन दिवस नोटीस येते आणि मुदत असते फक्त १५ दिवसांची. निविदा आणि निधनवार्ता यांच्या मधल्या बारीक अक्षरातली ती चौकट कोण वाचतं? गल्लीत एका माणसाला तेवढं काम लावून द्या, सेवानिवृत्त कुणीतरी असतंच.

दिवस मोजताना नोटीस प्रसिद्ध झाल्याची तारीख धरा. शेजाऱ्याने सांगितलं ती नव्हे, ग्रुपवर फॉरवर्ड आला ती तर मुळीच नव्हे. तीस दिवस म्हणजे एक महिना असंही नाही, आणि मधल्या सुट्ट्या वगळत नाहीत. दिवाळी, दत्तजयंती, रंगपंचमीची गेर, सगळं त्यातच मोजलं जातं. शेवटचा दिवस रविवारी येत असेल तर शुक्रवारपर्यंत द्या. मुदतीत आलेल्या अर्जांचा विचार करायला समिती बांधील असते, उशिराच्या अर्जाला तशी हमी नाही.

आणखी एक गोड गैरसमज आहे. पार्षदांना (नगरसेवकांना) निवेदन दिलं, फोटो काढला, पेपरात आला, म्हणजे आपत्ति नोंदली गेली. नाही. नोटिशीत लिहिलेल्या कार्यालयात किंवा तिथे सांगितलेल्या ऑनलाइन पद्धतीने पोचलेला अर्ज तेवढाच अर्ज. आमदारांना एक प्रत जरूर द्या, कारण सुनावणी करणाऱ्या धारा १७-क च्या समितीत महापौर, जिल्हा पंचायत अध्यक्ष, खासदार आणि आमदार असतात. पण ती प्रत मूळ अर्जाच्या जागी चालत नाही.

खसरा क्रमांक, म्हणजे कुणाकडेच नसलेला कागद

मसुद्याचा नकाशा गल्लीच्या नावाने बोलत नाही, तो गाव आणि खसरा क्रमांकाने बोलतो. खसरा म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा सरकारी नोंदीतला क्रमांक, महाराष्ट्रातल्या गट नंबरासारखा. ‘शिवमंदिरामागे, जोशींच्या घरासमोर’ असं लिहिलेला अर्ज पाहणाऱ्याला नकाशावर बोट कुठे ठेवावं तेच कळत नाही. मग ‘अस्पष्ट’ असा शेरा, आणि विषय संपला.

शेतजमीन असेल तर सोपं. खसरा, बी-१ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि नकाशा एमपी भूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, प्रमाणित प्रत लोकसेवा केंद्रात मिळते. अडचण येते ती वाटण्या झालेल्या जमिनीची. कागदावर बटांकन, म्हणजे क्रमांकाचे पोटहिस्से होऊन ११२ चे ११२/१, ११२/२ झाले, पण पटवाऱ्याच्या (तलाठ्याच्या) नकाशावर तरमीमच, म्हणजे तशी दुरुस्ती, झाली नाही. त्या नकाशावर ११२ अजून अखंड आहे, आणि रस्त्याची रेघ तुमच्या वाट्यावरून जाते की भावाच्या, हे कुणीच सांगू शकत नाही. तरमीम तीस दिवसांत होईल अशी आशा धरू नका. मूळ खसरा आणि बटा दोन्ही लिहा, चतुःसीमा लिहा, तरमीमचा अर्ज दिला असेल तर त्याची पावती जोडा.

कॉलनीतल्या प्लॉटवाल्यांनी आधी रजिस्ट्रीची शेवटची पानं नीट वाचावीत, तिथे खसरा पुष्कळदा असतो. नसेल तर कॉलनीच्या मंजूर अभिन्यासावर (लेआउटवर) असतो. गृहनिर्माण संस्थेच्या प्लॉटवर मात्र जमीन रेकॉर्डला अजून संस्थेच्या किंवा मूळ शेतकऱ्याच्या नावावर निघाली तर घाबरू नका. रजिस्ट्री आणि मालमत्ता कराची पावती जोडून स्पष्ट लिहा की ताबा कुणाचा आहे. वडील वारले आणि नाव अजून त्यांचंच असेल तर फौती नामांतरणासाठी, म्हणजे वारसाचं नाव चढण्यासाठी, थांबू नका, मृत्यूचा दाखला आणि वारस म्हणून तुमची सही पुरे. फ्लॅटवाल्यांनी इमारतीच्या भवन अनुज्ञेची (बांधकाम परवान्याची) प्रत मागून घ्यावी.

मल्हारगंज, रामबाग, जुनी इंदूर इथल्या वाड्यांचं दुखणं निराळं. आबादी (गावठाण) किंवा नजूल (सरकारी मालकीची) जमीन, खसऱ्याचा पत्ता नाही. तिथे घर क्रमांक, वॉर्ड, दोन्ही बाजूंचे चौक लिहा आणि मसुद्याच्या त्या शीटची छायाप्रत घेऊन लाल पेनाने जागा दाखवा. ते शीट नीट बघायलाही शिका. नकाशा १:२०,००० च्या प्रमाणात असेल तर त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २० मीटर. नुसत्या रेघेच्या जाडीत अख्खा वाडा मावतो. म्हणून ‘रस्ता माझ्या घरावरून जातो’ असं ठामपणे लिहिण्याऐवजी ‘रस्त्याची मध्यरेषा आणि रुंदी इथे स्पष्ट करावी’ असं आधी मागा. उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न आहे तो.

मोजमापांची खिचडीही सांभाळा. रजिस्ट्री चौरस फुटांत, खसरा हेक्टरात, रस्ते मीटरमध्ये. १८ मीटर म्हणजे साधारण ५९ फूट, आपल्या बोलीतला साठ फुटी. ०.१०० हेक्टर म्हणजे १०,७६४ चौरस फूट. शून्य चुकलं की तुमचा प्लॉट दहापट होतो आणि तुमच्याबद्दल भलताच संशय येतो.

काय लिहायचं, काय गाळायचं

काकांच्या तीन पानांत अडीच पानं गटारावर होती. गटार तुंबणं, रात्री दिवे नसणं, घरपट्टी वाढणं यातलं काहीही विकास योजनेत सुटत नाही, ती नगर निगमची कामं. विकास प्राधिकरणाच्या योजनेत जमीन गेली असेल तर तीही लढाई इथली नाही. प्राधिकरण त्याच कायद्याखाली स्वतःच्या नगर विकास योजना आणतं, त्यांची नोटीस वेगळी, मुदत वेगळी, आणि आपत्ति त्यांच्याकडेच द्यायची. टीपीएस (टाउन प्लॅनिंग स्कीम) हा शब्द दिसला की समजा पत्ता बदलला.

उरतं ते जमिनीचा उपयोग, रस्त्यांची जागा आणि रुंदी, बागा-मैदानं, कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठचा हरितपट्टा, शाळा-दवाखान्यांची आरक्षणं, आणि योजनेतले नियम. शब्द मसुद्यातलेच वापरा. बाग-मैदानाला तिथे ‘आमोद-प्रमोद’ म्हणतात. आमच्याकडे एका आजींना वाटलं होतं की कॉलनीत जत्रेचे पाळणे बसणार, आणि त्यांनी विरोधाची सही देऊन ठेवली होती.

अर्ज हिंदीत, एका पानात: मसुद्यात काय दाखवलंय, ते का चुकीचं, त्याऐवजी काय करावं. तिसरा भाग बहुतेक अर्जांत नसतोच. ‘रस्ता रद्द करा’ यापेक्षा ‘हाच रस्ता उत्तरेच्या शासकीय जमिनीवरून नेता येईल, खसरा अमुक’ हे वजनदार. एकच मजकूर झेरॉक्स करून दोनशे जणांनी सह्या करण्यात फारसा अर्थ नाही, तो एकच मुद्दा म्हणून मोजला जाण्याची शक्यता जास्त. संस्थेचा एक नीट अर्ज द्या, सोबत नोंदणीची प्रत, ठराव आणि सुनावणीला कोण जाणार त्याचं अधिकारपत्र. मग वीस घरांनी आपापल्या अडचणीचे वेगवेगळे, खरे अर्ज द्यावेत.

लिहिता लिहिता गेडिस आठवतो. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने होळकर दरबाराला १९१८ मध्ये नगररचनेचा अहवाल दिला. त्या कामात असताना त्याने इंदुरात दिवाळीची मिरवणूक काढवली होती आणि आधीच जाहीर केलं होतं की ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरं झाडून-दुरुस्त होतील, तिथून मिरवणूक जाईल. घराघरांत झाडू निघाले. लोकांना शहराच्या कामात ओढायचं तर असंही करता येतं. आपल्या वाट्याला बारीक अक्षरातली चौकट आली.

सुनावणी

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाइन दिला तर पोचपावतीचं पान छापून ठेवा. पत्ता असा लिहा की पत्र पोचेल, सोबत मोबाइल नंबर. पुण्या-मुंबईला मुलाकडे राहणाऱ्यांनी तर इथल्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊनच ठेवावं. सुनावणीची तारीख कळते आणि माणूस रेल्वेचं तिकीट शोधत बसतो, हे दरवेळचं आहे.

समोर वेळ थोडा असतो. आत गेल्यावर पहिल्यांदा शीटवर बोट ठेवा, मग गाव-खसरा सांगा, मग मागणी. आपण या शहरात किती पिढ्या आहोत हे सांगण्याचा मोह होतो, आवरा. तुमच्या अर्जाचं काय झालं हे कळलं नाही तर दहा रुपयांच्या फीवर माहितीच्या अधिकारात आवक क्रमांक देऊन विचारा.

काकांचा अर्ज शेवटी अकरा ओळींचा झाला. गटाराचा कागद त्यांनी वेगळा काढून झोन ऑफिसात दिला. खसरा मात्र अजून सापडायचाय. रजिस्ट्री बँकेच्या लॉकरमध्ये आहे, आणि लॉकरची किल्ली त्याच मेहुण्यांकडे, पुण्याला.