ठरावीक अंतराचे सदिश विस्थापन

त्रिमितीय अवकाशात एका बिंदूपासून दिलेल्या दिशेने दिलेले अंतर सरकल्यावर मिळणाऱ्या बिंदूचे निर्देशक काढण्याची रीत. ड्रोनचा मार्ग आखणे, यंत्रमानवाचा हात हलवणे, संगणकीय खेळांतील पात्रे चालवणे या सगळ्यांच्या मुळाशी एकच सूत्र असते: नवा बिंदू = मूळ बिंदू + अंतर × एकक सदिश. सदिश म्हणजे परिमाण (लांबी) आणि दिशा दोन्ही असलेली राशी; एकक सदिश म्हणजे १ परिमाणाचा सदिश. तो फक्त दिशा सांगतो. किती जायचे ते अंतर ठरवते.

साताऱ्याच्या दक्षिणेस अजिंक्यतारा आहे. शहरातून ड्रोन गडाकडे न्यायचा आहे असे धरू. निर्देशक मीटरमध्ये, पूर्व, उत्तर आणि उंची या क्रमाने; आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत. आरंभबिंदू (१००, ९००, ७००), लक्ष्य (७००, ३००, १०००). लक्ष्यातून आरंभ वजा केल्यास (६००, −६००, ३००) हा सदिश मिळतो. वजाबाकी उलटी केली तर ड्रोन गडाकडे पाठ करून जमिनीत शिरू पाहील. परिमाण √(३६०००० + ३६०००० + ९००००) = ९०० मी. प्रत्येक घटकाला ९०० ने भागल्यावर एकक सदिश (२/३, −२/३, १/३). १५० मी. सरकायचे असल्यास त्याला १५० ने गुणून आरंभात मिळवावे: (२००, ८००, ७५०).

भागाकार विसरणे ही नेहमीची चूक. मूळ सदिशालाच १५० ने गुणले, तर ड्रोन १५० मीटरऐवजी १३५ किलोमीटर दूर पोचतो. प्रत्येक अक्षावर १५० मी. सरकवणेही चूकच, प्रत्यक्ष अंतर १५०√३, म्हणजे सुमारे २६० मी. होते. एकक सदिश ०.६७, −०.६७, ०.३३ असा छाटला, तर ९०० मी. गेल्यावर ड्रोन गडमाथ्याच्या ३ मी. खाली राहतो. त्यामुळे अपूर्णांक शेवटपर्यंत टिकवावेत, आणि लहान पावलांची बेरीज करत बसण्यापेक्षा दर वेळी आरंभापासूनचे एकूण अंतर वापरावे.

आरंभ आणि लक्ष्य एकच असेल तर परिमाण शून्य येते व भागाकार होत नाही. ही तपासणी आधी करावी. उरलेले अंतर पावलापेक्षा कमी असल्यास सरळ लक्ष्यबिंदूच घ्यावा, नाहीतर ड्रोन लक्ष्य ओलांडतो, मग मागे वळतो आणि तिथेच हेलकावत राहतो.

वरचे १५० मी. हे तिरप्या चढाचे अंतर आहे. नकाशावर ते सुमारे १४१ मी. भरते. नकाशावर १५० हवे असल्यास चढाने सुमारे १५९ मी. जावे लागते.

लक्ष्याऐवजी कोन दिले असल्यास, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला दिगंश आणि क्षितिजापासूनचा उन्नतांश घेऊन (ज्या म्हणजे sine, कोज्या म्हणजे cosine) एकक सदिशाचा पूर्व घटक = कोज्या(उन्नतांश) × ज्या(दिगंश), उत्तर घटक = कोज्या(उन्नतांश) × कोज्या(दिगंश), उंची = ज्या(उन्नतांश). वरच्या उदाहरणात दिगंश १३५° व उन्नतांश सुमारे १९.५° येतो. बहुतेक संगणकभाषा कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मागतात, हे विसरले की दिशा भलतीच निघते.

अक्षांश-रेखांश या सूत्रात थेट घालू नयेत. साताऱ्याजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किमी., तर रेखांशाचा सुमारे १०६ किमी. भरतो, आणि उंची मीटरमध्ये असते. तिन्ही आधी मीटरमध्ये आणावीत.