देव्हाऱ्यातला रुपया: नाशिकच्या घरांतल्या जुन्या नाण्यांची पार्श्वभूमी

लक्ष्मीपूजनाला तांदळाच्या राशीवर ठेवायचा चांदीचा रुपया नाशिकच्या जुन्या घरांत उरलेलं वर्षभर देव्हाऱ्यामागच्या डबीत पडून असतो. हळदकुंकू आणि तेलाने त्यावरचा चेहरा बुजलेला, कडेला काळपट थर, आणि घरात त्याचं नाव 'पणजोबांचा रुपया'. पूर्वजांच्या नाण्यांचा संग्रह बहुतेक अशाच एका डबीपासून सुरू होतो, आणि पहिली चूकही तिथेच होते. नाण्यावरचं साल वाचायचं आणि त्या साली घरात कोण हयात होतं ते शोधायचं.

नाण्यावरचं साल म्हणजे ते घरात आल्याचं साल नव्हे. कित्येकदा ते पाडल्याचंही साल नसतं. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने सगळ्या मुलखाला एकच रुपया लावला: वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, म्हणजेच ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून तो 'कलदार'. १८४० साल असलेला राणीछाप रुपया पुढे १८६१ पर्यंत त्याच सालाने पाडला जात होता. १८६२ चा रुपयाही तसाच बारा वर्षं '१८६२' या सालानेच निघाला; खरं वर्ष ठरवायला त्यावरचे बारीक ठिपके मोजावे लागतात. '१८६२' पाहून घराण्याच्या वंशावळीत त्या वर्षापुढे खूण करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं, तेव्हा निदान एवढी सीमा तरी नक्की धरता येते.

तोळ्याचा हिशोब महत्त्वाचा, कारण रुपया हेच गावोगावच्या सोनाराचं वजन होतं. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. मुलीच्या लग्नात सोनं तोलायला सोनार तराजूत राणीछाप टाकायचा, त्यामुळे रुपया जपून ठेवण्यामागे बचतीइतकंच हेही कारण असे.

१८३५ च्या आधीचा प्रकार वेगळा. नाशिकला मोगलांनी दिलेलं नाव गुलशनाबाद, आणि मराठ्यांच्या काळात इथल्या टांकसाळीच्या रुपयांवरही तेच नाव येतं. होळकरांच्या चांदवडचा रुपया 'चांदोरी', पुण्याकडचा 'अंकुशी'. राज्य मराठ्यांचं असलं तरी मजकूर फारसीत आणि नाव शाहआलम बादशहाचं; हे पाहून 'आमच्या घरात मुसलमानी नाणं कसं' असा प्रश्न हमखास पडतो. साचा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे मजकुराचा तुकडाच उमटतो आणि गावाचं नाव बरेचदा चकतीबाहेर जातं. अशा वेळी अंकुशासारखी खूण पाहूनच टांकसाळ ओळखायची. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. फारसी तुकडे तिथल्या नाण्यांशी ताडून पाहिले तर डोकेफोड वाचते.

इतक्या टांकसाळी म्हटल्यावर प्रत्येक रुपयाचा भाव वेगळा. परगावचं नाणं सराफ पारखून, वाजवून घेत आणि वजा किंमत धरत. त्याचं नाव बट्टा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो हाच. रुपयाच्या अंगावर दिसणारे छोटे चौकोनी, चंद्रकोरीसारखे ठसे ही त्याच पारखीची खूण. संग्राहक त्याला डाग म्हणतात, पण घराण्याच्या दृष्टीने ते नाणं बाजारातून फिरल्याचा पुरावा आहे. एका अंगावर दुसरा ठसा ही या जिल्ह्यात जुनीच गोष्ट. १९०६ साली जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने वितळवण्याचा खटाटोप न करता आपला ठसा वरून उमटवला होता.

शिवराईबद्दल जरा स्पष्टच लिहायला हवं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलेला तांब्याचा पैसा घरोघरी निघतो आणि तो थेट शिवाजी महाराजांच्या हातचा म्हणून सांगितला जातो. हा पैसा महाराजांनंतरही पेशवाईभर पाडला गेला. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती 'दुदांडी', आणि ती पेशवाईतली. घरात निघणाऱ्यांत तीच जास्त. वजनं सारखी नसतात, एकाच गाठोड्यातल्या दोन शिवरायांत ग्रॅमभराचा फरक पडतो. तेवढ्यावरून एक खोटी ठरवू नये.

मग राणीछाप इतके उरले कसे? १८९३ पर्यंत कोणीही चांदी नेऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे, म्हणून त्या काळातला माल मुळातच भरपूर. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली, लोक रुपये दाबून बसले आणि सरकारला १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि जुने भरीव रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले: आधी व्हिक्टोरिया, मग एडवर्ड. ज्यांनी ते परत केले त्यांच्या घरी काही उरलं नाही. तेव्हा आज डबीत असलेला राणीछाप बहुधा त्या वेळी जाणूनबुजून मागे ठेवलेला असतो, आणि तो ठेवणारा माणूस पणजोबांपेक्षा आजी असण्याची शक्यता अधिक. चौकशीही तिच्या माहेरच्या बाजूने करावी. ओटीत, आहेरात आलेला रुपया सासरच्या खात्यावर लिहिला जातो.

पुतळीचं मूळ तर सातासमुद्रापलीकडचं. पुतळ्यांच्या माळेतली अस्सल पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं. त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला शासक आहे. त्या मानवी आकृतीवरून नाव पडलं पुतळी. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपलं, पण त्याची नक्कल आपल्याकडचे सोनार करतच राहिले. अक्षरं निरर्थक रेघोट्यांसारखी झाली असतील तर पुतळी इथलीच.

माळेतलं नाणं ओळखायला कडी निघालेली असली तरी चालतं. भोक किंवा डाकाचा (कडी जोडल्याचा) ठिपका राणीच्या डोक्याच्या बरोबर वर असेल तर चेहरा सरळ दिसावा म्हणून घडवून घेतलेलं ते लेणं. अंगावर घासणारी मागची बाजू गुळगुळीत आणि चेहरा ठसठशीत असतो. बाजारात फिरलेला रुपया मात्र दोन्ही बाजूंनी सारखा झिजतो.

खरंखोटं पाहायला ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, रुपया दोऱ्याने पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. अकरा भाग चांदीचा रुपया १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो, १९४० ते ४५ चा निम्म्या चांदीचा १.२२, आणि पितळेवर मुलामा दिलेला १.३५ च्या पुढे जातो. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि अस्सल रुपया खोटा ठरतो. म्हणून आधी बोटाने ओला करून घ्यावा. कडी डाकलेल्या नाण्याला ही परीक्षा लावूच नये. चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं, हा नियमही आंधळेपणाने नको: १९४७ चा वाघछाप रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटणारच.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते दिवाळीच्या साफसफाईत. चिंच, राख, टूथपेस्ट यांनी चांदीवरचा संरक्षक थर आणि राणीच्या केसांच्या रेषा एकदमच जातात. तेलकट थर काढायचाच असेल तर रसायनांच्या दुकानातलं साधं अ‍ॅसिटोन घ्यावं (नखांचं रिमूव्हर नको, त्यात इतर द्रव्यं असतात), खिडकी उघडी आणि ज्योत विझलेली असताना दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावं, मग डिस्टिल्ड पाणी, आणि कापसाने टिपायचं, पुसायचं नाही. घट्ट बसलेलं कुंकू राहू द्यावं. हे नाणं पूजेत होतं याची साक्ष त्याच्याइतकी दुसरं काही देत नाही. तांब्यावर पोपटी भुकटी दर पावसाळ्यात परत येत असेल तर तो क्षाराचा रोग आहे. असं नाणं वेगळ्या डबीत, सिलिका जेलबरोबर. मऊ पीव्हीसीचे पाकीट-अल्बम टाळावेत, ते नाण्यावर हिरवा चिकटा सोडतात.

तीर्थक्षेत्र असल्यामुळे आणखी एक घोळ: रामदरबार किंवा हनुमान, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १६१६, १८१८ असली सालं. ही विसाव्या शतकात देवळांबाहेर विकलेली पदकं, कंपनीची नाणी नव्हेत. 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लाखोंचा भाव सांगणारे सरळ फसवतात.

नाणं माणसाशी जोडायला नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या उपयोगी पडतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की कोण, कोणत्या साली, कोणाबरोबर आलं ते निघतं. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा बरोबर न्यावा. तिथलं साल आणि नाण्यावरचं साल जुळलं म्हणून दोन्हींचा संबंध लागलाच असं होत नाही. वहीत प्रत्येक नाण्यापुढे तीन गोष्टी हव्यात: कोणाच्या ताब्यातून आलं, कशात ठेवलेलं होतं, आणि हे कोणी सांगितलं. विकत घेतलेल्या जोडीच्या नाण्यांची यादी वेगळी ठेवावी, नाहीतर पुढच्या पिढीला सगळंच वडिलोपार्जित वाटतं.

वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत नाणी निघाली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो आणि दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या भावाला पाठवताही येत नाही. आणि वाटणीआधी गाठोडं जसं आहे तसं उघडून, फडकं-दोरीसकट, एकत्र फोटो काढून घ्यावा. चार भावांत पाच-पाच रुपये गेले की ते कोणत्या फडक्यात होते हे सांगणारं कोणी उरत नाही.