घशाचा कॅन्सर म्हणजे जबडा फोडणारच?

रंकाळ्याच्या कट्ट्यावर घशाच्या कॅन्सरचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतोच, ‘आता जबडा फोडणार, आवाजही जाणार.’ टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाच्या गाठीसाठी पूर्वी खालचा जबडा मधोमध चिरून वाट काढत, हे खरं. पण सुरुवातीच्या लहान गाठी आता बऱ्याचदा तोंडातूनच काढतात, लेझरने किंवा रोबोटने. अमेरिकेत रोबोटला यासाठी २००९ मध्ये मान्यता मिळाली. (रोबोट स्वतःहून काही कापत नाही, चालवतो सर्जनच.)

खरी झटापट असते ती गाठ नजरेच्या टप्प्यात आणण्याची. श्वासाची नळी अनेकदा नाकातून घालतात, जीभ टाक्याने पुढे ओढतात, तोंड उघडं धरणाऱ्या रिट्रॅक्टरची पाती बदलून बदलून बघतात. आणि इथेच आपला मावा-गुटखा आडवा येतो. गाल आतून आखडलेले, तोंडात दोन बोटंही जात नाहीत. मग कितीही महागडं यंत्र आणा, शिरणार कुठून?

गाठ मोठी किंवा हाडाला भिडलेली असेल, तर जबडा चिरणं आजही योग्य ठरू शकतं. मानेत पसरलेल्या गाठी काढायच्या तर मानेवर वेगळा छेद लागतोच. गिळताना दुखणं किंवा मानेतली गाठ तीन आठवडे टिकली, तर कट्ट्यावर न विचारता कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.