मोबाईलवरून पैसे दिल्यानं हवा साफ होते का?

फास्टॅग यायच्या आधीचा नागपूरजवळच्या बोरखेडीचा टोलनाका आठवतो का? सुट्ट्या पैशांवरून समोर वाद चाललेला आणि मागे ट्रकची ही लांब रांग, इंजिन चालूच, दोन हात पुढे सरकायचं, थांबायचं, परत जोर लावून उठायचं. डिझेल गाडी अशा थांब-चाल मध्येच जास्त धूर ओकते, त्यात काजळी असते, नायट्रोजनचे ऑक्साईड असतात. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग कंपलसरी झाला, रांगा खूप कमी झाल्या, म्हणजे नाक्यावरचं फुकट जळणारं डिझेलही कमी झालं.

पण माझ्या मते ही बचत छोटी आहे. खरा फरक पडतो पैसा कुठं पोचतो त्यानं. गॅस सिलिंडरची सबसिडी २०१५ पासून देशभर थेट बँक खात्यात यायला लागली, आणि घरात चूल कमी पेटली की पहिला फायदा चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या फुफ्फुसाला. लाकडाच्या धुरातले पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात, नाकात अडकतच नाहीत, सरळ आत खोलवर जातात. आता सोलरचं बघा, छतावर पॅनल लावायच्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी, अर्ज ऑनलाईन, पैसे खात्यात, कर्जाचा अर्जही ऑनलाईन. नागपूरच्या मे महिन्यातलं ऊन कोणाला सांगायला नको, त्या उन्हावर छतावर जेवढी वीज बनेल तेवढा कोळसा कमी जाळावा लागेल, आणि कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या चिमण्या तर आपल्या अगदी उशाशी आहेत.

चीनमध्ये पेकिंग युनिव्हर्सिटीनं डिजिटल फायनान्सचा, म्हणजे मोबाईलवरून-ऑनलाईन होणारे पैशाचे व्यवहार कुठं किती वाढले ते मोजणारा, इंडेक्स बनवला, तो वापरून झालेल्या बऱ्याच अभ्यासांत असं दिसलं की हे व्यवहार वाढले त्या शहरांत प्रदूषण कमी झालं. मात्र फक्त त्यामुळेच झालं असं धरू नका, त्याच काळात तिथं सरकारनं कोळशावर कडक बंधनंही आणली होती.

उलटी बाजू पण आहे. पेमेंट सोपं झालं म्हणून आपण एक टूथपेस्टसुद्धा घरपोच मागवतो, त्यासाठी पेट्रोलची बाईक धावते, आणि ज्या सर्व्हरवर हे पेमेंट होतं तोही विजेवरच चालतो, आपल्या देशात ती वीज बहुतेक कोळशाचीच.

आमच्या गल्लीत दोन घरांवर पॅनल लागलेत. बाकी छतांवर अजून कूलरच्या जुन्या ताट्याच पडल्या आहेत.